व एक इसम

१

कोणताही जुना कागद हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावेत, असे मी मानतो. तो कोणी लिहिला? केव्हा लिहिला? कोणासाठी लिहिला? आणि तो तसा लिहिला गेल्यामुळे कोणाचा फायदा झाला? हे प्रश्न मला कोणा प्राध्यापकाने शिकवलेले नाहीत. मी शाळेची शेवटची इयत्ताही पाहिली नाही. चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो आणि इतरांची इतिहासाची पुस्तके तपासता तपासता इतिहास वाचायला शिकलो. ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापैकी काहींपेक्षा मी ती अधिक काळजीपूर्वक वाचली, असे म्हटल्यास तो गर्व समजू नये. समजल्यास माझी हरकत नाही.

गेले चार महिने मी रोज सकाळी साडेदहाला जलकेंद्राच्या दफ्तरखान्यात जात आहे. जलकेंद्राला शंभर वर्षे पूर्ण होत असल्यामुळे एक पुस्तक निघणार आहे आणि त्यातील अपघाताचे प्रकरण मी मागून घेतले आहे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पंपघराच्या तळघरात मुख्य नळाचा सांधा सुटला. पाणी वेगाने चढले. खाली चार माणसे होती. जिन्याच्या माथ्यावरचे लोखंडी दार बंद झाले, त्यामुळे मोटारी वाचल्या, शहराचे पाणी चालू राहिले आणि ती चार माणसे बुडाली. दाराशी कामावर असलेला व्हॉल्व्हमन म्हणजे माझा थोरला भाऊ. चौकशी होऊन तो नोकरीतून गेला. पुढे नऊ वर्षे जगला, पण माणसांत आला नाही.

वहिनी माझ्याकडे असतात. त्यांची नजर उतरत चालली आहे. वर्ष निघेल की नाही, असे डॉक्टर म्हणतात. मी हे काम घेतले त्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजी, डोळे आहेत तोवर मला ते छापलेलं बघायचंय. यांनी दार लावलं नाही, असं.”

मी त्यांना म्हणालो की, कागदांत जे असेल तेच छापले जाईल.

दफ्तरखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन टेबले आणि त्यांच्या मधोमध छतापर्यंत गेलेले, बस्त्यांनी भरलेले मांडण. उंचावर गजांची एक खिडकी. जमिनीखाली पंप चालतात; त्यांचा आवाज पहिला अर्धा तास ऐकू येतो, नंतर तो फक्त टाचांना कळतो. दार लोखंडी आहे आणि ते तेच दार आहे. अपघातानंतर तळघर बुजवले, तेव्हा चांगले लोखंड कशाला वाया घालवायचे, म्हणून ते तेथून काढून येथे बसवले. हे मला दफ्तरदारांनी पहिल्याच दिवशी, दुकानदाराने मालाची तारीफ करावी तशा सुरात सांगितले. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, हसतमुख गृहस्थ आहेत. दाराजवळच्या, बाहेरूनही काचेतून वाचता येणाऱ्या वहीत नाव, काम, आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ लिहावी लागते. संध्याकाळी सगळ्यांच्या बाहेर पडल्याच्या वेळा भरलेल्या दिसल्या की दफ्तरदार खोलीत डोकावतही नाहीत, थेट कुलूप लावतात. “लेखी आहे ना काका, मग झालं,” असे ते म्हणतात.

कागद बाहेर नेता येत नाहीत आणि शाई आत आणता येत नाही. म्हणून मी पेन्सिलने प्रत करतो आणि आम्ही ती छापखान्याच्या पद्धतीने ताडून पाहतो. उजेड बरा म्हणून दफ्तरदार मांडणापलीकडे खिडकीखालच्या टेबलाशी बसून मूळ कागद मोठ्याने वाचतात, विरामचिन्हांसकट. मी अलीकडे प्रतीवर बोट ठेवून ऐकतो आणि प्रत्येक वाक्याला ‘बरोबर’ म्हणतो. ‘बरोबर’ आल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढे जायचे नाही. आणि वाचन चालू असताना ऐकणाऱ्याने प्रतीवरून डोळे उचलायचे नाहीत. चौतीस वर्षांत मी ते एकदाही उचलले नाहीत.

२

मूळ कागद केवळ दोन आहेत. एक चौकशीचा अहवाल; तो अपघातानंतर तीन महिन्यांनी, वरिष्ठांसाठी लिहिला गेला, म्हणून मी त्याला दुय्यम मानतो. दुसरा म्हणजे पाळीच्या नोंदवहीतील त्या दिवसाचे पान. ते त्याच तासात लिहिलेले आहे आणि लिहिणाऱ्या कारकुनाला कोणाला वाचवायचे नव्हते की बुडवायचे नव्हते. हा खरा पुरावा. मी ते पान प्रथम नुसते वाचले आणि दुसऱ्या दिवशी उतरवून घेतले. प्रत सुरू करण्यापूर्वी ओळी मोजून आकडा माथ्यावर टाकण्याची माझी सवय आहे. मी आकडा टाकला : ७.

संध्याकाळी ती प्रत वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आणि ते दार वाजल्याचं?”

“कोणते?”

“काल तुम्हीच सांगितलंत. दार बंद केल्यावर खालून दोनदा वाजलं, असं लिहिलंय म्हणून. माझ्या हातातून वाटी पडली होती.”

मी प्रत पाहिली. माथ्यावर सात, आणि खाली ओळी सहा. छापखान्यात आम्ही याला उडी म्हणत असू. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असल्या की डोळा पहिलीवरून तिसरीवर जातो. येथे दोन्ही ओळी ‘दार’ या शब्दाने सुरू होत होत्या. नवशिक्याची चूक. मला तिची लाज वाटली आणि उद्या ओळ भरून काढू, असे म्हणून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी मूळ पानावर सहा ओळी होत्या.

मधे रिकामी जागा नव्हती आणि खाडाखोडही नव्हती. ‘दार व्हॉल्व्हमनने सव्वाअकरा वाजता बंद केले’ आणि त्याखाली लगेच मोटारींची नोंद. मी पान उजेडाकडे धरले, मागून पाहिले, शिवण तपासली. मग खुर्चीवर बसून माझ्याच पद्धतीने विचार केला. ती ओळ असल्याचा पुरावा काय? वहिनींचे ऐकणे. पण त्यांनी ते माझ्याकडून ऐकले. म्हणजे हे दोन साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दोनदा बोलला. माथ्यावरचा सातचा आकडा? तोही माझ्याच हातचा. मग मी म्हातारा झालो आहे, हा निष्कर्ष सर्वांत सोपा होता. मला तो मान्य नव्हता.

३

मी एक चाचणी केली. ती करताना मला इतिहासाची शिस्तच आठवत होती, हे नमूद करतो.

बदल असा हवा होता की ज्यात कोणाचाही नफा-तोटा नाही. पानावर ‘वर हजर : व्हॉल्व्हमन, फिटर’ अशी नोंद आहे. मी माझ्या प्रतीत त्यापुढे तीन शब्द लिहिले : ‘व एक इसम’. सरकारी कागदांत ज्याचे नाव कळलेले नसते किंवा ज्याच्या नावाशी कोणाला कर्तव्य नसते, त्याला हा शब्द लावतात. मी त्याला नाव दिले नाही, काम दिले नाही, काहीच दिले नाही. निरुपद्रवी म्हणूनच निवडला.

दुसऱ्या दिवशी दफ्तरदार पलीकडून वाचू लागले. “वर हजर, विसर्गचिन्ह, व्हॉल्व्हमन, स्वल्पविराम, फिटर व एक इसम, पूर्णविराम.”

मी ‘बरोबर’ म्हणालो नाही. ते थांबून राहिले.

“काय झालं, काका?”

“तेवढे पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा तेच वाचले. मी डोळे उचलले नाहीत; वाचन संपल्यावर पलीकडे जाऊन पाहिले. तीच जांभळट शाई होती, कारकुनाचे तेच तिरके अक्षर. टाचणीच्या गंजाचा एक डाग त्या पानावर आहे, तो त्या तीन शब्दांच्या वरून गेला होता. डाग अक्षरांनंतरचा होता, याबद्दल शंका नाही. मी भिंगाने पाहिले.

हा इसम येथे पूर्वीपासून होता का, असे मी विचारले. दफ्तरदार हसले. म्हणाले, “मी तरी काल घुसवला नाही. असेल बाहेरचा कोणी. तुम्ही लग्नपत्रिकेतही चुका काढता म्हणे काका, आता मेलेल्यांची हजेरी घ्यायला लागलात.”

जाताना मी वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहिली. माझ्या नावाखालच्या ओळीत ‘एक इसम’ असे लिहिलेले होते. काम : प्रत ताडणे. आत आल्याची वेळ माझीच. बाहेर पडल्याची वेळ कोरी.

दफ्तरदारांनी थट्टा केली असावी, असे मी त्या वेळी ठरवले. ते अक्षर त्यांचे नव्हते, हेही मी पाहिले होते; पण एका दिवसात माणूस किती गोष्टी ठरवणार?

४

आता कागदाबाहेरचा साक्षीदार हवा होता, ज्याने ही वही कधीच पाहिली नाही. असा एकच माणूस जिवंत आहे. तो त्या दिवशीचा फिटर. सहा फूट दोन इंच उंच असल्यामुळे सगळे केंद्र त्याला बुटका म्हणत असे. आता तो एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे असतो आणि दिवसभर खुर्चीत बसून जिन्याकडे पाहतो. दोन महिन्यांपूर्वी मी त्याची साक्ष घेतली होती. खाली चार, वर आम्ही दोघे, असे त्याने सांगितले होते. नोंद माझ्याकडे आहे, तारखेसह.

मला पाहताच त्याने नेहमीसारखे “या धाकटे” म्हटले आणि थोरल्याची आठवण काढली. मी काहीही न सुचवता विचारले की त्या दिवशी वर कोण कोण होते. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नये, हा नियम मी पाळला.

“तुमचा दादा. मी. आणि तो,” बुटका म्हणाला.

“तो कोण?”

“तो हो. दाराशी होता की. आमच्याकडे पाठ करून.”

मागे तुम्ही हे बोलला नाहीत, असे मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा रागाने पाहिले. “तुम्ही विचारलं नाहीत. दोघांचीच नावं लिहून घेतलीत आणि निघालात.”

मी तो दिसायला कसा होता, हे विचारले. बुटक्याने सांगायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. तो आठवत होता. त्याच्या डोळ्यांवरून कळत होते की तो एका ठिकाणापर्यंत पोहोचतो आणि तेथून मागे फिरतो. असे तीन वेळा झाले. मग तो हळूच म्हणाला, “अंगावर कपडे होते. हात होते. तुम्ही मला तोंड विचारू नका, धाकटे.”

मी उठलो. त्याने माझी बाही धरली.

“आणि त्यांना खाली कशाला उभं ठेवलंय? बराच वेळ झाला. वर बोलवा ना.”

मी जिना उतरलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. दुसऱ्या वळणावर भिंतीकडच्या बाजूने उतरलो, एवढेच.

५

येथून पुढचे लिहिताना मला संकोच वाटतो.

दादा त्या दिवसाबद्दल नऊ वर्षांत एकदाच बोलला होता. ओल्या बुटांनिशी घरी येऊन तो वहिनींना म्हणाला होता, “दार मी लावलं.” वहिनींनी हे मला पूर्वीच सांगितले होते; आणि माणूस स्वतःच्या विरुद्ध जी साक्ष देतो ती सहसा खरी असते. म्हणजे छापायचे काय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. चार महिने मी दुसरा पुरावा शोधत होतो असे नव्हे. हा पुरावा पुसट होण्याची वाट पाहत होतो. आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

पहिला विचार आला तो हा की, मग चौघांनाही बाहेर काढावे. ‘खाली चार माणसे’ ऐवजी ‘खाली कोणी नाही’. हे लिहायला कितीसा वेळ लागतो? पण एक्केचाळीस वर्षे पाण्याखाली असलेली चार माणसे उद्या सकाळी त्या जिन्याने वर येतील आणि माझ्या प्रतीत ती कशी दिसतात ते लिहिलेले नसेल. माझा हात थांबला.

मी माझ्या प्रतीतला फक्त एक शब्द खोडला. ‘दार व्हॉल्व्हमनने सव्वाअकरा वाजता बंद केले’ यातील ‘व्हॉल्व्हमनने’. उरले ते वाक्य पूर्ण होते. दार बंद झाले, कोणी केले ते माहीत नाही. इतिहासात अशी पुष्कळ वाक्ये असतात आणि ती कोणाला टोचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ताडणी सुरू होण्यापूर्वीच मूळ पान उघडले. तेथे जागा मोकळी नव्हती. ‘दार इसमाने सव्वाअकरा वाजता बंद केले.’

हे मी लिहिले नव्हते. मी केवळ जागा केली होती.

६

घरी गेलो तर वहिनींनी दादाचा फोटो भिंतीला लावला होता. तो बत्तीस वर्षे पेटीत, कपड्यांखाली पालथा होता. त्यांनी स्टुलावर चढून, चाचपडत खिळा ठोकला होता आणि बोटावर हातोडी बसली तरी त्या हसत होत्या. मी त्यांना इतक्या ताठ बसलेल्या कधी पाहिले नव्हते. मी काही विचारण्याआधीच त्या बोलू लागल्या. त्या दिवशी हे घरी आले, बूट ओले होते, आणि म्हणाले, दार मी लावलं नाही. नऊ वर्षे तेच म्हणत राहिले, कोणी ऐकले नाही.

“तुम्ही मला वेगळे सांगितले होते, वहिनी.”

“मी कशाला वेगळं सांगेन? हे म्हणायचे, त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून सगळे माझं नाव घेतात.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आता त्याला ओळखणारं कोणीतरी आहे, नाही का, भावोजी?”

त्या फोटोकडे पाहत होत्या. मीही पाहिले. पंपघराच्या पायरीवर दादा आणि बुटका उभे आहेत. फोटो मी लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत, आता एक पाठ होती. खांद्यापर्यंत स्पष्ट. डोके किंचित वळू लागलेले, कोणी हाक मारल्यावर वळावे तसे.

ते तीन शब्द खोडले तर तो जाईल, हे मला समजत होते. पण त्याच्याबरोबर ते वाक्यही पूर्वीचे होईल, फोटो पुन्हा पेटीत जाईल आणि वहिनींना काय आठवेल ते मला माहीत होते. त्यांनी मला त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा विचारला. मी हो म्हणालो.

७

आज शेवटची ताडणी होती. दुपारी प्रत छापखान्यात जायची होती. अकराच्या सुमारास दफ्तरदार पलीकडे बसले आणि वाचन सुरू झाले. मी प्रतीवर बोट ठेवले.

“खाली चार माणसे, पूर्णविराम.”

“बरोबर.”

“वर हजर, विसर्गचिन्ह, व्हॉल्व्हमन, स्वल्पविराम, फिटर व एक इसम, पूर्णविराम.”

“बरोबर.”

त्याच वेळी उंचावरच्या खिडकीतून, बाहेरच्या आवारातून, मला दफ्तरदारांचे हसणे ऐकू आले. ते कोणाला तरी सांगत होते की काका आत आहेत, मी जरा पाय मोकळे करून येतो.

मांडणापलीकडचे वाचन थांबले नाही. आवाज दफ्तरदारांचाच होता.

“दार इसमाने सव्वाअकरा वाजता बंद केले, पूर्णविराम.”

आणि तो थांबला. ‘बरोबर’ची वाट पाहू लागला.

मी नाही म्हणू शकत होतो. अडवता येण्याजोगे ते एकच वाक्य उरले होते आणि ते माझ्या हातात होते. मी वहिनींचे ठेचलेले बोट आठवले, भिंतीवरचा खिळा आठवला. मी “बरोबर” म्हणालो.

मग मी चौतीस वर्षांत प्रथमच डोळे उचलले. दोन बस्त्यांमधल्या फटीतून पलीकडची खुर्ची दिसते. तीवर एक पाठ होती आणि ती पाठ राहिली नाही. तो वळत होता. कानापुढे जेथे गाल सुरू व्हावा तेथपर्यंत मी पाहिले. त्यापुढे मी काही लिहिलेले नव्हते.

मी मान खाली घातली. पावले माझ्या टेबलाशेजारून, घाई न करता, दाराकडे गेली. लोखंड सरकल्याचा आवाज झाला.

दार बाहेरून बंद आहे. मी दोन वेळा हाका मारल्या. पंपांच्या आवाजात त्या बाहेर गेल्या असतील असे वाटत नाही. दाराजवळची वही पाहिली. माझ्या नावापुढे बाहेर पडल्याची वेळ भरलेली आहे, सव्वाअकरा. अक्षर माझे आहे. ते मी लिहिलेले नाही. दफ्तरदार परत येतील तेव्हा ती ओळ पाहतील आणि थेट कुलूप लावतील. लेखी पुराव्यावर ते विश्वास ठेवतात आणि तशी सवय मीच त्यांना कौतुकाने पक्की केली आहे.

हा कागद मी लिहिला आहे, आज, खोलीच्या आत बसून, जो कोणी तो वाचेल त्याच्यासाठी. त्याने कोणाचा फायदा होतो, हा चौथा प्रश्न मला विचारला जाईल. उत्तर : माझा. म्हणून वहीतील नोंद आणि हा कागद यांत विरोध आढळल्यास शिस्तीप्रमाणे वहीच ग्राह्य धरावी लागेल, हे मी जाणतो. जोडे ओलसर लागतात. ते बहुधा माझ्या मनाचे खेळ असावेत.

पहिल्या प्रतीत गळलेल्या त्या ओळीला मात्र मी आज तोच चौथा प्रश्न विचारला. दार बंद केल्यावर खालून दोनदा वाजले, म्हणजे चौघे जिवंत होते, आणि दादाने ते ऐकले होते. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत्या, हे खरे. पण माझा डोळा चौतीस वर्षांत इतरत्र कोठेही उडाला नव्हता.

दार बंद केल्यावर मी आतून ते दोनदा वाजवले आहे. प्रत करणाऱ्याने ही ओळ गाळू नये.